कमोडोर ६४: आधी वीज तपासा, बाकी सगळं नंतर

जुन्या घरगुती संगणकांमध्ये कमोडोर ६४ तसा दणकट. १९८२ चं हे मशीन आजही बटण दाबताच निळा पडदा दाखवतं. पण त्याच्यासोबत आलेला मूळ पॉवर सप्लाय मात्र त्याचा वैरी आहे. बरीच वर्षं पडून असलेलं मशीन बाहेर काढलं आणि उत्साहाने थेट प्लग लावला, की चांगल्या चिपांचा बळी जाऊ शकतो. म्हणून हातात स्क्रूड्रायव्हर घेण्याआधी मल्टिमीटर घ्या.

या सप्लायमधून दोन गोष्टी येतात: ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. ५ व्होल्टचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, त्या डब्यातच असतो आणि बहुतेक डबे आतून इपॉक्सी ओतून कायमचे बंद केलेले असतात. उष्णता बाहेर पडायला जागाच नाही. असा भाजून निघालेला रेग्युलेटर जातो तेव्हा नुसता बंद पडला तर नशीब. पुष्कळदा तो मागचं वाढीव व्होल्टेज तसंच पुढे सोडतो. मग सगळ्यात आधी रॅमच्या चिपा जातात, पाठोपाठ पीएलए, म्हणजे कोणत्या वेळी कोणती चिप बोलणार हे ठरवणारी चिप.

मोजायचं असं. सप्लाय संगणकाला न जोडता त्याच्या गोल ७ पिनी प्लगकडे समोरून बघा आणि खाच वर धरा. खाचेच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्यात टोकाच्या पिनांवर ९ व्होल्ट एसी असतं. खाचेच्या बरोबर समोरची, खालची मधली पिन ग्राउंड. तिच्या लगतच्या दोन पिनांपैकी एकीवर ५ व्होल्ट मिळतं, दुसरी रिकामी असते. एसी मोकळं मोजताना १० च्या वर दिसलं तरी घाबरू नका, भार पडला की उतरतं. डीसीच्या बाबतीत मात्र कडक राहा: ४.७५ ते ५.२५ ही हद्द, आणि ५.२ च्या वर काटा जात असेल तर मी तो सप्लाय वापरणार नाही.

पण भाराशिवाय घेतलेलं माप अर्धवटच. खरा दोष गरम झाल्यावर बाहेर येतो. ४.७ ओहमचा, १० वॉटचा रेझिस्टर ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये लावला की साधारण १.१ अँपिअर ओढला जातो. अर्धा तास तसाच ठेवून मधूनमधून मोजत राहा. आकडा हळूहळू वर सरकत असेल तर तो डबा बाद. रेझिस्टर चांगलाच तापतो, त्याला लाकडावर किंवा प्लास्टिकवर ठेवू नका. मूळ सप्लाय परीक्षेत पास झाला तरी नव्याने बनवलेला घ्यावा असंच माझं मत आहे. ते नको असेल तर निदान मध्ये ओव्हरव्होल्टेज संरक्षण लावा, जे व्होल्टेज वाढताच ५ व्होल्टची लाइन तोडतं.

वीज ठीक आहे, लाल दिवा लागतो, पण पडदा काळा? सुरुवातीच्या लांब बोर्डांवर व्हिडिओ चिपचं ५ व्होल्ट वेगळं, त्या ९ व्होल्ट एसीपासून बोर्डवरच तयार होतं. दिवा मात्र सप्लायच्या ५ व्होल्टवर चालतो. त्यामुळे आतला १.५ अँपिअरचा फ्यूज उडाला तरी दिवा छान लागतो आणि माणूस उगाच चिपा बदलत बसतो. आधी फ्यूज बघा. नवा फ्यूज लगेच उडाला तर जाड फ्यूज टाकायचा नाही, पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. फ्यूज शाबूत असेल तर मशीन दोन मिनिटं चालू ठेवून रॅमच्या चिपांना एकेक करून बोटाने अलगद स्पर्श करा. बाकीच्या कोमट आणि एकच चटका देणारी असेल तर गुन्हेगार सापडला. पडदा आला, पण ‘३८९११ बेसिक बाइट्स फ्री’ ऐवजी कमी आकडा दिसला, तरीही संशय रॅमवरच.

उघडणं सोपं आहे. खालच्या बाजूला पुढच्या कडेजवळचे ३ स्क्रू काढा, झाकण मागच्या खाचांवर उचला, कीबोर्डचा आणि दिव्याचा कनेक्टर सोडवा. काही मशीनांमध्ये बोर्डवर पुठ्ठ्याला चिकटवलेला चंदेरी कागद असतो. रेडिओ लहरी अडवायला तो लावला होता, पण खाली उष्णता कोंडतो. काढून टाका, काही बिघडत नाही. व्हिडिओ चिपच्या धातूच्या डबीचं झाकण मात्र फेकू नका. त्याची वाकवलेली पट्टी चिपला टेकून उष्णता शोषते. तिथली वाळलेली पांढरी पेस्ट पुसून नवी लावा. साउंड चिप आणि पीएलएवर छोटे हीटसिंक चिकटवले तर उत्तम. साउंड चिप बदलायची वेळ आली तर ६५८१ या जुन्या साउंड चिपला १२ व्होल्ट लागतं आणि ८५८० या नंतरच्या चिपला ९, फिल्टरचे कपॅसिटरही वेगळे असतात. एकीच्या जागी दुसरी नुसती खोचायची नाही.

सॉकेटमधल्या चिपांचे पाय काळवंडतात. सप्लाय काढून, चपट्या स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकांनी आळीपाळीने थोडी थोडी उचला, कॉन्टॅक्ट क्लीनरचा पुसट हात फिरवा आणि खाचेची दिशा बघून परत बसवा. उलटी बसवलेली चिप सहसा दुसरी संधी देत नाही.

कीबोर्डचं दुखणं ओळखायची एक खूण आहे. विखुरलेली एखाददुसरी कळ जड चालत असेल तर घाण. ठरावीक आठाचा गट एकदम गेला असेल तर कनेक्टर किंवा कळा वाचणारी ६५२६ ही चिप, कारण कळांची जाळी ८ बाय ८ ची आहे आणि एक ओळ तुटली की तिच्यावरच्या सगळ्या कळा जातात. घाण काढायची तर मागचे बारीक स्क्रू सोडवा आणि शिफ्ट लॉकच्या दोन वायर्स डीसोल्डर करा. बोर्डवरच्या पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडने पुसा. कळांखालच्या काळ्या रबरी टिकल्या कोरड्या कागदावर हलक्या हाताने घासल्या की पुरे, सँडपेपर अजिबात नको, वरचा वाहक थरच निघून जातो. परत लावताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात ‘टक्’ करून बसला की मगच सुलटा, तोही बोटांच्या जोराने. प्लास्टिकचे आटे एकदा गेले की गेले.

हीच ६५२६ जॉयस्टिकच्या पोर्टलाही जोडलेली आहे आणि त्या उघड्या पिना थेट तिच्यापर्यंत जातात. अंगातली स्थिर वीज एवढी पुरते. जॉयस्टिक, कार्ट्रिज, ड्राइव्हची केबल, जे काही लावायचं-काढायचं ते मशीन बंद करूनच.

सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सरसकट बदलायची टूम आहे, पण या मशीनला बहुधा गरज नसते. फुगलेला किंवा गळका दिसला तर बदला: तितकीच क्षमता, तितकंच किंवा जास्त व्होल्टेज, १०५ अंश तापमान सोसणारा. कमोडोरच्याच अमिगा ६०० आणि १२०० या संगणकांची गोष्ट निराळी. त्यांचे बोर्डवर चपटे बसवलेले कपॅसिटर गळतात आणि तांब्याच्या रेषा खातात, तिथे वाट बघू नये. अमिगा ५०० प्लसवरची निकेल-कॅडमियम बॅटरी तर आजच कापून काढा. तिचा स्राव अल्कली असतो. पांढऱ्या व्हिनेगरने तो मारायचा, मग डिस्टिल्ड वॉटर आणि शेवटी अल्कोहोल. बीबीसी मायक्रोसारख्या आतच सप्लाय असलेल्या मशीनांत रिफा कंपनीचे पारदर्शक पिवळे कपॅसिटर शोधा. तडे जाऊन ओलावा आत शिरतो आणि एके दिवशी खोलीभर धूर होतो. त्यांच्या जागी एक्स२ या सुरक्षा वर्गाचे पॉलिप्रॉपिलीनचेच टाका, आणि ही मेन्सची, म्हणजे भिंतीतून थेट येणाऱ्या विजेची बाजू आहे हे विसरू नका.

कमोडोरच्या १५४१ या फ्लॉपी ड्राइव्हचं हेड अल्कोहोलने पुसा, पण वरच्या फेल्टच्या गादीला ओलं करू नका. कुठलीही जुनी फ्लॉपी आत घालण्याआधी खिडकीतून चकतीवर तिरका प्रकाश टाकून फिरवून बघा. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी. अशी फ्लॉपी चालवली की ती हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीही ओरखडते. डेटासेट या कमोडोरच्या कॅसेट रेकॉर्डरला बहुतेकदा नवा पट्टा आणि स्वच्छ हेड एवढंच हवं असतं. टेप पुढे ओढणाऱ्या रबरी पिंच रोलरला मात्र साबणाचं पाणी, कारण अल्कोहोलने रबर कडक होतं. हेडचा कोन ठरवणारा अझिमथचा स्क्रू सगळ्या कॅसेटी लोड व्हायला कुरकुरत असतील तरच हलवा, आणि एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी. जे अजून वाचता येतंय त्याच्या डिस्क इमेज, म्हणजे फाइलच्या रूपातल्या हुबेहूब प्रती, आत्ताच काढून ठेवा.

मशीन ठेवताना सप्लाय भिंतीच्या प्लगमधून काढलेला हवा, नुसतं संगणकाचं बटण बंद करून तो डबा थंड होत नाही. महिन्या-दोन महिन्यांतून अर्धा तास चालवलं तर कपॅसिटर ताळ्यावर राहतात.