साहेबांना घेऊन या

"साहेबांना घेऊन या, त्यांचीही सही लागेल." आज वास्कोत, बँकेच्या काउंटरवर. समोर नर्सच्या गणवेशातली बाई, रात्रपाळी उरकून थेट आलेली. नवरा नौदलात. "त्यांची बोट बाहेर आहे. कुठे, ते मलाही ठाऊक नाही," एवढंच म्हणाली.

अडलं कुठे? खातं जॉइंट, पण दोघांच्या सह्यांचं. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असतं तर तिची एकटीची सही पुरली असती. आणि तो बदल करायलाही दोघांच्या सह्या! मुखत्यारपत्र नवरा बंदरात असतानाच स्टॅम्पपेपरवर, नोटरीकडे करून ठेवलेलं बरं. नवऱ्याच्या एकट्याच्या खात्याला नॉमिनी म्हणून तिचं नाव असेलही, पण खातेदार हयात असताना त्याचा काडीचा उपयोग नाही.

युद्धाच्या बातम्या लागल्या की आपण टीव्हीसमोर. ही मात्र रांगेत. स्लिपवर तिची सही झाली होती, शेजारची रेघ रिकामी.