‘थो उभा हाये!’ : तान्ह्या पोळ्याच्या रात्रीचा ‘हॅलोविन’

‘जानी दुश्मन’ आमच्या गावात कुणी भयपट म्हणून पाहतच नाही. राजकुमार कोहलींचा हा १९७९चा सिनेमा. लाल शालूतली नवरी डोलीत बसून निघाली की वाटेत गायब होते, कारण एक केसाळ राक्षस टपून बसलेला असतो. संजीवकुमार, सुनील दत्त, जितेंद्र, शत्रुघ्न सिन्हा, रेखा, रीना रॉय, नीतू सिंग अशी अख्खी वरात पडद्यावर. वर्गणी काढून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायच्या काळात हा सिनेमा आमच्याकडे किती वेळा लागला असेल, त्याला गणती नाही. राक्षस आला की पोट्टे शिट्ट्या मारत. बायकांना लक्षात राहिलं ते लक्ष्मीकांत-प्यारेलालचं डोलीचं गाणं.

मी सिनेमांवर लिहिते, तेही चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यात, मामाच्या गावी बसून, कारण घर इथे आहे आणि लेख मेलने जातो. एका दिवाळी अंकाने सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या भयपटांवर मोठा लेख मागितला होता. ‘ऑमेन’ १९७६चा, ‘सस्पीरिया’ १९७७चा, रामसे बंधूंचा ‘दरवाजा’ आणि अमेरिकी दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोविन’ दोन्ही १९७८चे, ‘एलियन’, ‘फॅन्टॅझम’ आणि आपला ‘जानी दुश्मन’ १९७९चे. तीन-चार वर्षांत एवढं पीक. संपादकांनी अट घातली की नुसता इतिहास नको, आज हे सिनेमे पाहून कुणी घाबरतं का तेही लिहा. पुण्यात असते तर चार मित्र बोलावून काम भागवलं असतं. इथे अख्खं गाव होतं.

‘दरवाजा’ मात्र मी दाखवणार नव्हते. रामसेंबद्दल मला प्रेम आहे. सात भाऊ मिळून लेखन, कॅमेरा, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन सगळं घरातच करायचे. १९७२च्या ‘दो गज ज़मीन के नीचे’साठी ते मोजकी माणसं घेऊन महाबळेश्वरला गेले होते. असा संसार हिंदी सिनेमात दुसरा नाही. पण शाप, तांत्रिक आणि काळी विद्या ही आमच्या जिल्ह्यात करमणूक राहत नाही. २०२१च्या ऑगस्टमध्ये जिवती तालुक्यात करणीच्या संशयावरून म्हाताऱ्या बायामाणसांना चौकात बांधून मारलं होतं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा, म्हणजे तो येऊन आठ वर्षं झाली होती. मुंबईचा समीक्षक ‘दरवाजा’ला गंमत म्हणून चार तारे देऊ शकतो. मी तो समाजमंदिरात लावला असता, तर दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एखाद्या एकट्या बाईकडे लोकांनी कसं पाहिलं असतं, याचा मला भरवसा नाही.

तर ‘हॅलोविन’. त्यात तांत्रिक नाही, शाप नाही, आणि नावाच्या मानाने रक्तही फार कमी. सहा वर्षांचा मायकेल मायर्स बहिणीला भोसकतो, पंधरा वर्षांनी वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि आपल्या गावी परत येतो. एवढीच गोष्ट. इंग्रजीचा प्रश्न नव्हता, मायकेल अख्ख्या सिनेमात एक शब्द बोलत नाही. बाकीच्यांचं मी सांगणार होते.

तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या सणाचा दिवस निवडला, कारण त्या दिवशी कामाला सुट्टी असते. पहाटे पोरं ओरडत शिवेकडे गेली होती, ‘इडा पिडा, रोगराई, जादूटोणा घेऊन जा गे मारबत!’ संध्याकाळी लाकडी बैल सजवून मिरवून झाले. जेवणं उरकल्यावर लहान पोरांना घरी पिटाळलं, शाळेचा प्रोजेक्टर मांडला, भिंतीवर मामीची पांढरी चादर ताणून बांधली. बाहेर पाऊस रिपरिप लागून होता.

सुरुवात ठीक झाली. पहिलं लांबलचक दृश्य सगळं मारेकऱ्याच्या डोळ्यांतून दिसतं. खिडकी, स्वयंपाकघर, चाकू, जिना, मग मुखवट्याची दोन भोकं. मुखवटा निघतो तेव्हा समोर एवढंसं पोरगं. बायकांतून ‘आई गं’ आलं. नंतर एक मुलगी सकाळी शाळेकडे चालली आहे आणि रस्त्यावर वाळकी पानं उडताहेत, तिथे मामा बोलले, “पानं खाली पडून रायली अन् झाडं हिरवीगार काऊन?”

हा प्रश्न मला एकाही परीक्षणात भेटला नव्हता. कथा इलिनॉयमधली आणि ऑक्टोबर अखेरची, पण चित्रण झालं कॅलिफोर्नियात, वसंतात. पानगळ दाखवायला पानं रंगवून आणली होती. पैसे इतके कमी, की दृश्य झालं की तीच पानं गोळा करायची आणि पुढच्या रस्त्यावर टाकायची. अख्खा सिनेमा तीन-सव्वातीन लाख डॉलरमध्ये उरकलेला. हे सांगितल्यावर मामा खूश झाले. तेंदूपत्त्याची पुडकी बांधण्यात हयात गेलेल्या माणसाला पानं फसवू शकत नाहीत.

आणि तेवढ्यात लाइट गेली.

प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर होता, तो चालू राहिला. स्पीकर त्यावर नव्हता. तारा हलवून पाहिल्या, एक पोरगा मोबाइलचा छोटा स्पीकर घेऊन आला, त्याचाही जीव संपलेला. चित्र भिंतीवर चाललेलं आणि आवाज शून्य. बंद करावं म्हणून मी उठले, तर मागून आरडाओरडा, “राहू दे ना बाई!”

भयपटातून आवाज काढला की काय उरतं, याचा पुरावा याच सिनेमाबद्दल आहे. जॉन कार्पेंटरने संगीत घालायच्या आधीची प्रत एका मोठ्या स्टुडिओतल्या तरुण अधिकारी बाईंना दाखवली होती. त्या जराही घाबरल्या नाहीत. मग त्याने ठरवलं की आता संगीतच याला वाचवणार. लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवलेला पाच मात्रांचा ठेका त्याने पियानोवर बसवला आणि तीन दिवसांत सगळं संगीत उरकलं. पुढे त्याच बाईंना संगीतासह सिनेमा आवडला. ‘हॅलोविन’वरच्या लेखात हा किस्सा हटकून येतो, माझ्याही टिपणांत होता. त्यामुळे मला वाटलं, आता अर्ध्या तासात समाजमंदिर रिकामं होणार.

पडद्यावर जेमी ली कर्टिस, म्हणजे लॉरी, वर्गात बसली होती. ती खिडकीबाहेर बघते. रस्त्यापलीकडे गाडी, गाडीशी एक माणूस. पुन्हा बघते तर नाही. मग घराकडे जाताना झुडपाच्या कुंपणापाशी तोच. मग तिच्या खोलीच्या खिडकीखाली, मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींच्या मधोमध, पांढऱ्या तोंडाचा, हात सोडून नुसता उभा.

“थो पाय, थो उभा हाये!”

ओरडल्या मामी. दरवर्षी मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या. त्यानंतर जे सुरू झालं ते मी कुठल्याच थिएटरात पाहिलेलं नाही. लोक लॉरीकडे पाहतच नव्हते. माझ्या शेजारी आबाजी बसले होते, गावची ढोरं वळण्यात म्हातारे झालेले. त्यांची मान पूर्ण वेळ किंचित तिरकी, नजर चादरीच्या डाव्या कडेवर, मग उजव्या, मग परत डाव्या. मध्यभागी मुली गप्पा मारताहेत, टेलिफोन करताहेत, मक्याच्या लाह्या भाजताहेत, तिकडे आबाजींचं लक्षच नाही. अॅनी नावाची मुलगी घरात वावरते आणि मागच्या काचेच्या दारापलीकडे तो येऊन उभा राहतो. शहरातल्या प्रेक्षकाला हे दिसायला क्षणभर लागतो, त्यासाठीच तर संगीताचा झटका लागतो. इथे तो काचेपाशी येण्याआधीच चार जण बोट दाखवत होते.

छायालेखक डीन कंडीने हा सिनेमा २.३५ : १ अशा रुंद चौकटीत टिपला आहे. स्वस्तातल्या भयपटाला इतकी रुंदी कशाला, असं कुणालाही वाटेल. उत्तर त्या रात्री समोर होतं. माणूस चौकटीच्या एका बाजूला ठेवायचा आणि उरलेली जागा मोकळी सोडायची. ती मोकळी जागा कुणासाठी आहे, हे धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून चालणाऱ्याला शिकवावं लागत नाही. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ अभयारण्याच्या कुंपणात राहत नाहीत. धानाच्या बांधीत, नाल्याच्या झुडपात, गावाच्या पांदणीवर फिरतात. बाई निंदायला वाकली की तिच्यासोबतची दुसरी उभी राहून चहूकडे बघते. मामी आणि आबाजींची नजर आयुष्यभर हेच करत आली आहे. संगीत नसल्याने उलट त्यांचं फावलं. आवाज आगाऊ सूचना देतो, आणि जंगलात ती मिळत नाही.

मध्येच कुणीतरी विचारलं, तोंडावर ते पांढरं काय आहे? मी सांगितलं की मुखवटा. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा, दुकानातून स्वस्तात आणला, भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, वर पांढरा रंग फवारला. मग सुंदरबनात १९८०च्या दशकात लाकूडतोड्यांना आणि मध गोळा करणाऱ्यांना डोक्याच्या मागे लावायला मुखवटे दिले होते, तेही सांगितलं. आबाजी म्हणाले, “बराबर हाये. जनावर मांगून येते. डोळ्याले डोळा भिडला त थबकते.” थोडं थांबून पुढे म्हणाले, “पण या पोरीनं तं त्याले पायलं. तरी येऊन रायला.”

इथे मी वहीत लिहायला लागले. आबाजींना खटकत होतं ते मारेकऱ्याचं वागणं. बॉब नावाच्या पोराला मायकेल सुरीने भिंतीला खिळवून ठेवतो आणि मान कलती करून त्याच्याकडे बघत राहतो. आबाजींचा हात माझ्या मनगटावर आला. “मारलं त खात काऊन नाई?” हा प्रश्न मला, नंतर मामाला, मग स्वतःलाच. “वाघ खाते तरी. ह्याले पोट नाई का?” मायकेल का मारतो याचं उत्तर सिनेमा देत नाही. श्रेयनामावलीत तर मुखवट्यामागच्या निक कॅसलच्या भूमिकेचं नाव फक्त ‘द शेप’, नुसता आकार. सिनेमातला डॉक्टर लूमिस त्याला साक्षात दुष्टपणा ठरवतो, आणि समीक्षक या एका मुद्द्यावर पानंच्या पानं भरतात. माझ्या मते ‘वाघ खाते तरी’ यात त्यातलं बरंचसं येऊन गेलं.

डॉक्टर लूमिसचं मात्र काही खरं नव्हतं. डोनाल्ड प्लेझन्स हा मुरलेला नट, लांब कोट घालून गंभीरपणे मायर्सच्या ओसाड घरापाशी दबा धरून बसतो, आणि खून होतात दुसऱ्याच घरांत. मागच्या रांगेतून वनखात्याला टोमणा आला, “कॅमेरे तिकडं लावते अन् वाघ इकडं फिरते!” समाजमंदिर हसून लोटपोट. इतक्या गंभीर पात्राला इतकं हसलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. खुद्द प्लेझन्सनाही ते आवडलं असतं, असं मला उगाच वाटतं.

लॉरी अंधाऱ्या दाराशी रडत टेकते, आणि तिच्या मागच्या काळोखातून तो पांढरा चेहरा हळूहळू उमटतो. कंडीने तिथे दिव्याचा उजेड बेताबेताने वाढवला आहे, बाकी काही नाही. तो चेहरा मी कित्येकदा पाहिला आहे, तरी नेमका केव्हा दिसू लागतो ते मला आजही सांगता येत नाही. या वेळी कुणी ओरडलं नाही. बायकांनी फक्त पाय आखडून घेतले. शेवटी गोळ्या खाऊन तो माडीवरून खाली पडतो, डॉक्टर वाकून बघतो, तर गवत रिकामं. मग एकामागून एक मोकळ्या जागा दिसतात. जिना, खोली, घरं. मूळ सिनेमात त्यांवर मायकेलच्या श्वासाचा आवाज आहे. तो इथे नव्हता, पण समाजमंदिराचं दार उघडं होतं, आणि पडद्यावर शेवटची पाटी यायच्या आधी मामांनी उठून ते लावून घेतलं.

लाइट आली ती सगळं आवरल्यावर. लोक पाच-सहांच्या घोळक्याने, बॅटऱ्या मारत, मोठ्याने बोलत घरी गेले. यात सिनेमाचा काही संबंध नाही, रोजच तसे जातात.

लेखात मी तो स्टुडिओचा किस्सा ठेवला, खाली आमच्या रात्रीचा परिच्छेद जोडला, आणि रुंद चौकटीवर दुप्पट लिहिलं. संपादकांचा फोन आला की सगळं छान आहे, पण किती तारे ते लिहायचं राहिलं. चार लिहा म्हटलं.

गावाला आता पुढचा सिनेमा हवा आहे. मामींची अट एकच, “गाण्याचा आण.” त्यामुळे १९७६चा ‘हा खेळ सावल्यांचा’ ठरतोय. काशिनाथ घाणेकर, आशा काळे आणि हृदयनाथ मंगेशकरांची चाल, म्हणजे नाराज कुणी होणार नाही. माझ्या मनात ‘सस्पीरिया’ आहे. पण त्याचा दिग्दर्शक दारिओ आर्जेंतोने गोब्लिन बँडचं संगीत चित्रणाच्या वेळी सेटवर मोठ्याने वाजवून नटांना बिचकवलं होतं, आणि तो सिनेमा लाल-निळ्या रंगांइतकाच त्या आवाजावर उभा आहे. मुका ‘सस्पीरिया’ पाहण्यात काही हशील नाही. आधी इन्व्हर्टरवर चालेल असा स्पीकर पाहिजे, आणि त्यासाठी मामा वर्गणी काढायला निघाले आहेत.