शेनझेनहून हायफाँगला, ट्रकांच्या मागोमाग

‘कारखाने चीनमधून निघाले, व्हिएतनामला चालले’ हे गेली काही वर्षं इतक्यांदा कानावर पडलं, की शेवटी ठरवलं, ज्या रस्त्याने ते चाललेत त्याच रस्त्याने जाऊन बघावं. दक्षिण चीनमधलं शेनझेन ते उत्तर व्हिएतनाममधलं हायफाँग बंदर, विमान न घेता.

शेनझेनला आधी हुआचियांगबेई गाठलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा हा बाजार. एकमेकींना खेटलेल्या बहुमजली इमारती आणि आत हातभर रुंदीचे गाळे. एका गाळ्यात फक्त चार्जिंगची सॉकेटं, शेजारी फक्त कॅमेऱ्याची भिंगं, पलीकडे कपॅसिटरची रिळं. दिवसभर खोक्यांवर चिकटपट्टी ओढल्याची करकर चालू असते. भाव विचारला की गाळेवाली कॅल्क्युलेटर पुढे सरकवते. नग किती हवेत, एवढंच तिला कळायला हवं असतं. मी दोन म्हटल्यावर ती परत जेवायला लागली.

1980 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झालं तेव्हा शेनझेन म्हणजे मासेमारांचं खेडं होतं, असं जो तो सांगतो. ही गोष्ट तिखटमीठ लावलेली आहे. इथे तेव्हाही बाजारपेठ होती, आणि आसपासचा मुलूख धरून लोकवस्ती तीन लाखांवर होती. मला जास्त रस 2000 नंतरच्या दशकात. तैवानच्या मीडियाटेकने चिपसोबत फोनचा तयार आराखडा आणि सॉफ्टवेअरही द्यायला सुरुवात केली, आणि गाठीला थोडं भांडवल असलेला कोणीही फोन बनवू लागला. नकली, अर्धे नकली, दोन सिमांचे, कर्णकर्कश स्पीकरचे. याच शहरातल्या ट्रान्शन कंपनीचे टेक्नो आणि आयटेल फोन पुढे आफ्रिकेत सर्वाधिक खपले. आता नकलांचा तो जोर ओसरलाय. मोबाइलच्या काही इमारती चक्क सौंदर्यप्रसाधनांनी भरल्यात. बाहेर रस्त्यावर बस आवाज न करता मागे येऊन उभी राहते आणि आपण दचकतो. शहराच्या सोळा हजारांच्या आसपास बस 2017 अखेरच विजेवर गेल्या.

नाननिंगपर्यंत वेगवान रेल्वे, पुढे बस. क्वांगशी प्रांतात शिरलं की उसाचे मळे आणि त्यांतून अचानक उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर. चीनची बरीचशी साखर इथलीच. सीमेवरचं फिंगश्यांग जवळ आलं आणि ट्रकांच्या रांगा लागल्या. दक्षिणेला जाणाऱ्या ट्रकांत यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स, उत्तरेला येणाऱ्यांत फणस, ड्रॅगनफ्रूट आणि ड्युरियन हे उग्र वासाचं फळ. व्हिएतनामी ताज्या ड्युरियनला चीनने अधिकृत दार उघडलं ते 2022 मध्ये. आता त्याचा वास कागदपत्रं तपासणाऱ्यांच्याही आधी आपल्यापर्यंत पोचतो.

मैत्री खिंड हे या नाक्याचं नाव. 1979 मध्ये याच भागातून चिनी फौजा व्हिएतनामच्या लांग सोन शहरावर चालून गेल्या होत्या, त्यामुळे नाव वाचून हसू येतं. दोन चौक्यांमधलं अंतर बॅटरीच्या गाडीतून पार केलं आणि घड्याळ तासभर मागे घेतलं. चहाच्या टपरीवर एका व्हिएतनामी चालकाने 2021च्या डिसेंबरची गोष्ट सांगितली. कोविडमुळे चीनने तपासणी कडक केली, हजारो ट्रक सीमेवर अडकले आणि आतली फळं सडली. फळवाले रडले, पण हनोईच्या बाजूचे कारखानदारही झोपले नव्हते, कारण त्यांचे सुटे भाग पलीकडे अडकले होते. मला वाटतं, सगळ्या वाटेचं मर्म त्या टपरीवर सापडलं. कारखाना हलतो, पण त्याला पोसणारं हुआचियांगबेई जागच्या जागी राहतं.

हनोईजवळच्या बाक निन्हमध्ये याचा पडताळा आला. 2009 पासून सॅमसंग इथे फोन बनवते. चीनमधला आपला शेवटचा फोन कारखाना, हुइझोउचा, तिने 2019 मध्ये बंद केला. तिचे जगभरचे जवळपास निम्मे फोन व्हिएतनाममध्ये तयार होतात. कामाची पाळी सुटली की बसच्या बस भरून तरुण मुली बाहेर पडतात, आणि रस्त्याच्या दुतर्फा पाट्या कोरियन लिपीत. हाच भाग क्वान हो लोकगीतांचा, पण त्या दिवशी मला कोरियन बार्बेक्यूच जास्त भेटली.

1986च्या ‘दोई मोई’ आर्थिक सुधारणांपासून हा देश कुठल्या कुठे आला, यात वाद नाही. तरी निर्यातीतला सत्तर टक्क्यांहून मोठा वाटा परदेशी कंपन्यांचा आहे. व्हिएतनामची सर्वांत मोठी आयात चीनकडून आणि सर्वांत मोठी निर्यात अमेरिकेला, या एका ओळीत बरंच काही आलं.

हायफाँगला समुद्रावरचा पाच किलोमीटरहून लांब पूल ओलांडून लाख हुएन बंदरापाशी गेलो. 2018 पूर्वी इथे मोठी जहाजं लागत नसत. अमेरिकेचा माल लहान जहाजांतून आधी दुसऱ्या बंदरांत जाई. आता खोल पाण्याचे धक्के आहेत आणि नवी डोकेदुखीही. 2025च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने व्हिएतनामी मालावर 46 टक्के आयातशुल्क जाहीर केलं, जुलैत ते 20 वर आणलं, पण दुसऱ्या देशाचा माल इथून फक्त वळवला असेल तर 40. मग शेनझेनचे भाग, कोरियन यंत्रं आणि बाक निन्हचे हात लागलेला फोन नक्की कुठला? आरसेप या आशियाई-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारात याचं सोपं उत्तर आहे: पंधरा सदस्य देशांपैकी कुठलेही भाग जमेस धरता येतात. त्या टेबलावरून भारत 2019 मध्ये उठला. शेतकरी आणि लघुउद्योगांची भीती खोटी नव्हती, पण ही वाट पाहिल्यावर मला तो निर्णय महागच वाटतो.

जवळच कात हाय बेटावर विनफास्टचा मोटारींचा कारखाना आहे, हा मात्र अस्सल व्हिएतनामी ब्रँड. 2019 मध्ये सुरू झाला, आता सगळा भर विजेच्या गाड्यांवर. बॅटरीसाठी विनफास्टच्या समूहाने गोशन या चिनी कंपनीशी हातमिळवणी केली. ऑगस्ट 2025 मध्ये विनफास्टने तमिळनाडूत तुतिकोरिनला कारखाना उघडला, आणि तिथेही सुरुवात झाली ती बाहेरून आलेले सुटे भाग जोडण्यापासूनच.