पहिलं पिस्तूल कोणतं घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नेमबाजीच्या रेंजवर शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा एखादं मॉडेल मनात ठरवलेलंच असतं, माझा फक्त होकार हवा असतो. माझं उत्तर असं: अजून काहीच घेऊ नका. आधी शिका, आणि तेही रेंजच्या किंवा प्रशिक्षकाच्या पिस्तुलावर. दुकानात हातात घेऊन 'छान बसतंय' वाटणं वेगळं आणि पन्नासावी गोळी झाडतानाही तसंच वाटणं वेगळं.

सगळ्यात मोठा गैरसमज लहान पिस्तुलाबद्दल आहे. नवख्या माणसाला, आणि बाईला तर हमखास, काउंटरवर छोटंसं, हलकं पिस्तूल काढून दाखवतात. 'तुम्हाला हेच सोपं जाईल,' म्हणतात. हे मला मनापासून खटकतं, कारण नियम नेमका उलटा आहे. काडतूस तेच असेल तर पिस्तूल जितकं हलकं, तितका झटका जास्त. दस्ता आखूड असला की करंगळीला जागा उरत नाही आणि पकड सैल पडते. शिवाय पुढचा आणि मागचा साइट, म्हणजे नेम धरायच्या नळीवरच्या दोन खुणा, जवळ येतात, त्याचा हिशोब तर कागदावर मांडून पाहता येतो. दोन्ही साइटमधलं अंतर 160 मिलिमीटर असेल आणि पुढचा साइट 1 मिलिमीटर बाजूला सरकला, तर 10 मीटरवर गोळी सुमारे 6 सेंटिमीटर चुकते. तेच अंतर 110 मिलिमीटर असेल तर चूक 9 सेंटिमीटरची होते. लहान पिस्तूल हे सरावलेल्या माणसाचं काम आहे.

म्हणून सुरुवात पूर्ण आकाराच्या, वजनदार .22 पिस्तुलाने (.22 म्हणजे नळीचा इंचांतला साधारण व्यास) करावी. .22 लाँग रायफल काडतुसाची गोळी साधारण 2.6 ग्रॅमची असते, 9 मिलिमीटरची साधारण साडेसात ग्रॅमची. झटक्यातला फरक पहिल्याच गोळीला कळतो. फक्त खेळाकडे ओढा असेल तर 10 मीटरवरून झाडायचं, हवेच्या दाबावर चालणारं एअर पिस्तूल त्याहूनही चांगलं. आवाज कमी, झटका जवळजवळ नाही, त्यामुळे हात हलला की तो तुमचाच हलला हे लपत नाही. रिव्हॉल्व्हर रचनेने साधं असतं, हे खरं. पण घोडा (मागचा हातोडीसारखा भाग) आधी न चढवता चाप ओढायचा तर बोटाला बराच जोर लावावा लागतो आणि त्या जोराबरोबर नळी वळते.

हाताला बसतं की नाही हे असं बघा: रिकामं पिस्तूल, नळी सुरक्षित दिशेला, मूठ नीट मागे चिकटलेली. पकड न फिरवता बोटाचं पहिलं पेर चापावर पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर ते पिस्तूल कितीही नावाजलेलं असो, तुमचं नाही.

आता शिकण्याबद्दल. पहिल्या दिवशी काडतूस हातात येण्याआधी चार गोष्टी अंगात मुरल्या पाहिजेत. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं धरायचं. ज्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. साइट लक्ष्यावर येईपर्यंत बोट चापाबाहेर, फ्रेमला म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्याला लावून सरळ. आणि लक्ष्य काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे माहीत हवं. रिकामं करण्याचा क्रमही पाठ हवा: आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढायची, मग चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) डोळ्यांनी बघायचं आणि बोटाने चाचपायचं. क्रम उलटा झाला तर स्लाइड मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये नेऊन बसवते आणि माणूस मॅगझिन काढून 'रिकामं झालं' म्हणतो. असे अपघात खरोखर होतात.

चाप ओढला आणि नुसती 'टिक' झाली, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं. काडतूस उशिराही पेटू शकतं. आवाज फुसका आला तर तिथेच थांबायचं, गोळी नळीत अडकलेली असू शकते. कानाला आणि डोळ्यांना संरक्षण प्रत्येक वेळी, .22 असलं तरी. .22 पिस्तुलाचा आवाजही 140 डेसिबलच्या वर जातो. शिशाची भुकटी हातावर बसते, म्हणून हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही.

नेम चुकण्याचं खरं कारण डोळा क्वचितच असतो. आवाज होणार हे शरीराला कळलेलं असतं आणि चाप सुटायच्या क्षणी मनगट आपोआप खाली दबतं. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या खाली-डावीकडे जमायला लागल्या की मला लगेच कळतं. यावर मी मॅगझिनमध्ये खोटी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसं मिसळून देते. खोटं काडतूस आलं की आवाज होत नाही, पण नळी खाली जाताना शिकणाऱ्याला स्वतःला दिसते. त्यानंतर समजवावं लागत नाही. घरचा सराव रिकाम्या पिस्तुलावर, त्या खोलीत एकही काडतूस नसताना. काही .22 पिस्तुलांचा फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सुई) रिकाम्या चेंबरच्या कडेवर आदळून खराब होतो; तिथे खोटं काडतूस घालूनच चाप ओढा.

कारोली टाकाच या हंगेरियन नेमबाजाचा उजवा हात 1938 मध्ये हातबॉम्बने निकामी झाला. तो डाव्या हाताने पुन्हा शिकला आणि 1948 व 1952 च्या ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्ण जिंकला. 'माझा हात थरथरतो, मला जमेल का?' असं विचारणाऱ्यांना मी त्याच्याबद्दल सांगते.

एक गोष्ट मी सगळ्यांना विचारते, ऐकणाऱ्याला आवडो न आवडो. घरात लहान मुलं आहेत का? कुणी खोल निराशेत आहे का, तुम्ही स्वतः आहात का? असाल तर पिस्तूल घरी नको. रेंजच्या शस्त्रावर शिका, ते तिथेच कुलपात राहू द्या. बाकीच्यांनीही परवान्याचा कायदा नीट वाचावा आणि पिस्तुलाआधी भक्कम तिजोरी घ्यावी.

प्रशिक्षक निवडताना पैसे भरण्याआधी त्याचा एक नवख्यांचा वर्ग मागे उभं राहून बघू द्या म्हणावं. तो पहिल्यांदा एकच गोळी भरायला देतो का, आणि त्याची नजर लक्ष्याच्या कागदावर असते की शिकणाऱ्याच्या हातावर, एवढं बघा. वर्ग बघायलाच नाही म्हणाला, तर दुसरा शोधा.