लेकीला कॉलेज आणि भाच्याला डाईंग का? तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच लिहून टाकतो. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चहा पिताना विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, रात्री दहाला फोन करून विचारलाय. तुम्ही स्वतः बी.कॉम. अर्धवट सोडून डाईंग मास्टर, म्हणजे सूत रंगवणारे मुख्य कारागीर, झालात, हाताखाली शिकलेली पोरं आहेत, मग मुलीला चार वर्षं टेक्स्टाईल इंजिनिअरिंगला कशाला घातलंत? आणि तिला घातलंत तर बहिणीच्या पोराला बारावीनंतर थेट कामाला का लावलंत?

बहिणीनं आडपडदा ठेवला नाही. "दादा, तुझी पोरगी इंजिनिअर होणार आन् माझ्या पोरानं सोड्यात हात भाजून घ्यायचे व्हय?" घरात पाहुणे होते म्हणून मी तेव्हा गप्प बसलो. तिच्यासाठीच हे जास्त लिहितोय.

आधी पैशाचं. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं कॅप फेरीतून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. त्याच घरातल्या मुलाला सवलत निम्मी. माझ्या मुलीची फी माफ झाली. भाच्याला सीईटीच्या गुणांवर मिळत होतं ते कॉलेज लांबचं, शाखा त्याला नको असलेली. निम्मी फी, वसतिगृह, मेस असं धरलं तर कर्जाशिवाय भागत नव्हतं. मेहुणे यंत्रमागावर आहेत, जेवढं विणलं तेवढी मजुरी. माग बंद तर मजुरी बंद. बँकेचा हप्ता मात्र माग बंद आहे म्हणून थांबत नाही.

हे सगळं खरं आहे आणि तरी अर्धंच आहे, हे मला माहीत आहे. फी माफ नसती तरी मुलीला मी पाठवलंच असतं. का, ते सांगायला पाण्याची गोष्ट सांगावी लागेल.

तेव्हा मी ज्या कारखान्यात होतो तिथलीच ही गोष्ट. उन्हाळा होता. सोलापुरात उन्हाळ्यात पाण्याचं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. कारखान्याचा बोअर आटला होता आणि सगळं टँकरवर चालू होतं. निर्यातीच्या टॉवेलसाठी गडद निळ्या सुताचा लॉट लागला होता. मशीनमधून सूत गुंडाळलेले कोन बाहेर आले तेव्हा वरून बरे दिसले. वाळल्यावर एक उकलून बघितला तर आतल्या थरांवर पांढुरकी भुकटी, रंग मळकट, कुठे गडद कुठे फिका. हात पुसला तर निळा.

मी रंगात घालायचं मीठ तपासलं, सोडा तपासला, तापमानाचा कागद बघितला. सगळं रोजच्यासारखं. मग हात धुवायला गेलो आणि साबणाला फेसच येईना. तिथंच माझ्या लक्षात आलं. टँकरवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, जुना बोअर बसला, चार दिवसांपासून दुसरीकडून भरतोय. मी तसाच ऑफिसात गेलो. म्हटलं, "शेठ, पाणी बदललंय. पाणी जड आहे. या पाण्यावर निळा येणार नाही."

शेठ म्हणाले, "मास्टर, पाणी ते पाणीच. तुमच्या पोरांनी सोडा एकदम ओतला असेल."

ही शंका चुकीची नव्हती. रिॲक्टिव्ह रंगात, म्हणजे सुताशी रासायनिक बंध करणाऱ्या रंगात, सोडा हळूहळू द्यावा लागतो, एकदम पडला तर रंग एकाच जागी धरतो. पण त्या रात्री सोडा मी उभा राहून द्यायला लावला होता. मी तेही सांगितलं. उपयोग झाला नाही. त्या पाळीच्या दोन हेल्परांचा आठवड्याचा पगार कापला. त्यातल्या एकाच्या घरी बायको बाळंत झालेली होती. दुसरा लॉट त्याच पाण्यावर लावायला सांगितला, तोही तसाच निघाला.

लॅबमध्ये तेव्हा एक मुलगी नवीन लागली होती, नुकतीच कॉलेजमधून आलेली. दुसऱ्या लॉटनंतर शेठनी तिला विचारलं. तिनं टँकरचं पाणी काचेच्या भांड्यात घेतलं, त्यात काही थेंब टाकले, पाणी दारूसारखं लालसर झालं. मग वरच्या नळीतून थेंब थेंब सोडत राहिली आणि एका थेंबाला ते लाल पाणी निळं झालं. आयुष्य रंगात गेलेलं, पण असा रंग बदलताना मी पहिल्यांदाच बघत होतो. तिनं आकडा लिहिला. डाईंगला ५० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात ५० भाग क्षारांच्या, आतलं पाणी लागतं, आमचं ७०० च्या वर होतं. सोडा पडला की असल्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भुकटी होऊन सुतावर बसतं, रंगाचेही गोळे होतात. कोनातून पाणी फिरतं तेव्हा सूतच गाळणीचं काम करतं, म्हणून घाण आतल्या थरात जास्त. हे तिनं शेठना इंग्रजीत चार ओळींत मेल केलं.

संध्याकाळपर्यंत टँकरवाल्याला फोन गेला, दुसऱ्या दिवशी सिक्वेस्टरिंग एजंटचा, म्हणजे पाण्यातले क्षार बांधून ठेवणाऱ्या औषधाचा, ड्रम आला.

त्या मुलीचा काही दोष नाही, उलट ती शेठसमोर माझ्या देखत म्हणाली, "सर, मास्टरांनी हे आधीच सांगितलं होतं." शेठ म्हणाले, "हो, पण त्यांच्याकडे प्रूफ काय होतं?" पोरांचे कापलेले पैसे परत मिळाले नाहीत. मी दोनदा विषय काढला. दुसऱ्यांदा म्हणाले, मास्टर, आता जुनं उकरू नका.

बरीच वर्षं मी ही गोष्ट अन्याय म्हणूनच सांगायचो. टपरीवर, ट्रेनमध्ये, हुतात्मा एक्सप्रेसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा सांगितली आहे. वाक्य एकच, माझ्या तोंडून आलं तर सबब आणि तिच्या तोंडून आलं तर रिपोर्ट. तेव्हाचा मी म्हणायचो, डिग्री म्हणजे फक्त ऐकून घेतलं जाण्याचा परवाना. बाकी काम हाताला कळतं.

त्या वेळच्या मला आज एकच विचारावंसं वाटतं. समजा शेठनी तुझं ऐकलं असतं, पुढे तू काय केलं असतंस? तू म्हणाला असतास, जुन्या बोअरचं पाणी आणा. आणि जुना बोअर तर आटलेला होता. पाणी जड आहे हे तुला कळलं, किती जड हे कळलं नाही. लिटरला किती ग्रॅम औषध घातलं की याच पाण्यावर निळा येईल, हे तिनं कागदावर काढलं. तुला चांगलं पाणी पाहिजे होतं. ती मिळेल त्या पाण्यावर रंग काढू शकत होती, आणि सोलापुरात राहायचं तर मिळेल त्याच पाण्यावर रंग काढावा लागतो.

तेव्हाचा तो मी यावर गप्प बसत नाही. तो म्हणतो, मग त्या दोन पोरांच्या पगाराचं काय? माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. त्यांचा पगार कापला गेला तो त्यांना आकडा येत नव्हता म्हणून नव्हे, त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्याकडे कागद नव्हता म्हणून. हे बरोबर आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

माझ्या गुरूंचं उदाहरण देतो. तेलुगू बोलणारे, सोलापूरच्या पूर्व भागातले, सुताची लडी उन्हात धरून शेड सांगायचे आणि ती चुकायची नाही. नेप्थॉलच्या, म्हणजे सुतावरच दोन रसायनं एकत्र करून तयार होणाऱ्या अझो रंगांत, त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. १९९४ मध्ये जर्मनीनं काही अझो रंगांवर बंदी आणली, कारण ते फुटले की त्यातून कॅन्सर करणारी अमाइन नावाची रसायनं निघतात. नेप्थॉलसोबत वापरायचे काही बेसही (रंग तयार करणारं दुसरं रसायन) त्यात सापडले. पुढे आपल्याकडेही बंदी आली. गुरूंना रंग पुड्यावरच्या नावानं आणि हाताला लागण्यानं माहीत होते. कुठला बेस चालेल आणि कुठला नाही हे रेणू कसा बनलाय त्यावर ठरतं, आणि ते त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. विक्रेता सांगेल त्यावर विश्वास ठेवायची वेळ आली त्या माणसावर. त्यांचा तोरा गेला तो मी डोळ्यांनी बघितलाय. म्हणून मुलीला रसायन शिकू दे, असं मला वाटतं. नोकरी नंतर.

आता भाच्याचं. ज्यांना वाटतं की मी त्याला कमी लेखलं, त्यांनी नीट वाचावं. ती लॅबची मुलगी माझ्याकडून काय शिकली हेही सांगायला हवं. सूत कोनावर घट्ट गुंडाळलेलं असलं की रंग आतपर्यंत पोचत नाही. हे पुस्तकात असणारच, पण अंगठ्यानं कोन दाबून ओळखायला ती माझ्याजवळ उभी राहून शिकली. रात्रपाळीला वाफेचा व्हॉल्व्ह लवकर उघडला जातो, कारण हेल्परला पहाटेची झोप हवी असते, आणि विचारलं तर भीतीनं तो नाही म्हणतो. हे ओळखायला माणसांत राहावं लागतं. भाचा पहिल्या आठवड्यातच मला म्हणाला, मामा, आधी मीठ आणि मग सोडा असंच का, उलट का नाही? अकरावी-बारावी सायन्सची दोन वर्षं पुस्तक समोर धरून बसलेल्या पोराला पहिल्यांदा काहीतरी विचारावंसं वाटलं. हे मी बहिणीला सांगितलं तर ती म्हणते, तुला बरं दिसतं तेच तू बघतोस. असेलही.

मात्र मी त्याला कायम डाईंगवर ठेवणार नाही, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि डिप्लोमावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. रस्ता बंद झालेला नाही, लांब झालाय. एकानं त्याला सांगितलं होतं, घरबसल्या पत्राद्वारे इंजिनिअरिंगची डिग्री देतो, एवढे पैसे द्या. त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. असं इंजिनिअरिंग चालत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच सांगितलंय. मुक्त विद्यापीठाचं बी.ए., बी.कॉम. वेगळं, ते काम करत खुशाल करावं.

एक गोष्ट मला विचारणारे नेहमी सोडून देतात. कुठलं काम, त्यावर सगळं आहे. माझा एक मित्र मेडिकल दुकानात उभं आयुष्य घालवून बसलाय. डॉक्टरांचं अक्षर त्याच्याइतकं कुणाला वाचता येत नाही. पण १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार औषध देण्याचा हक्क नोंदणी झालेल्या फार्मासिस्टचा, आणि आता त्या नोंदणीला किमान डी.फार्म. ही पदविका लागते. तिथं अनुभव कितीही साठवा, कायदा मोजत नाही. अशा धंद्यात पोराला थेट कामाला लावणाऱ्या बापाशी मी भांडेन. डाईंगला, विणकामाला, शिलाईला असा कायदा नाही, म्हणून तिथं मागून शिकायला वाव आहे.

वाव आहे, हे म्हणतानाही मला धाकधूक असते. कारण मी स्वतः "पुढच्या वर्षी परीक्षा देतो" असं म्हणत राहिलो आणि हातात पगार येऊ लागल्यावर ते पुढचं वर्ष आलं नाही. बहिणीची भीती हीच आहे, आणि ती खोटी आहे असं मला तिला सांगता येत नाही. ती लॅबची मुलगी आज दुसऱ्या राज्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, दिवाळीला फोन करते. मला तिथं बोलवायचं तिनं मनापासून बघितलं होतं, पण अर्जात पदवीचा रकाना रिकामा म्हणून तो पुढे सरकलाच नाही.

भाच्याला आता पगार सुरू झालाय आणि परवा त्यानं मोबाईल घेतला. डिप्लोमाचं विचारलं तर म्हणतो, मामा, पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, याच वर्षी, नाहीतर तुला पाळीवर घेणार नाही. तो रुसलाय. बहीण म्हणते, आधी कामाला लावलंस, आता काम काढून घ्यायची धमकी देतोस, एक काय ते ठरव. प्रवेशाचा अर्ज मी आणून ठेवलाय, त्यावर सही त्याची लागते.