मामाच्या बिलातला १६० चा घोळ

गणपतीच्या आधीची गोष्ट. बेळगावच्या शहापुरात मामाचं मिठाईचं दुकान आहे, कुंदा आणि करदंट जास्त खपतंय, आणि मामाला हौस आली की बिलावर दुकानाचं नाव वर कन्नडमधे, खाली मराठीत पाहिजे, कारण गिऱ्हाईक बैलहोंगलचं पण येतंय आणि चंदगडचं पण. मला म्हणाला, "एवढं कंप्युटर शिकलास, एवढं तर करून दे की." मी म्हटलं एका संध्याकाळचं काम. तीन दिवस गेले.

काउंटरवरचा थर्मल प्रिंटर ५८ एमएमचा, स्वस्तातला. त्याला इंग्रजी अक्षरं येतात, आपली जोडाक्षरं येत नाहीत, कन्नडचं ओत्तक्षर (अक्षराखाली लागणारं जोडाक्षर) तर लांबच. म्हणून ब्राउझरमधे जावास्क्रिप्टनं कॅनव्हासवर (चित्र काढायच्या जागेवर) नाव काढायचं आणि त्याचे ठिपके करून पाठवायचे. एका ओळीत ३८४ ठिपके, एका बाइटमधे ८, म्हणजे ओळीला ४८ बाइट. त्याच्या आधी प्रिंटरला सांगायचं की बाबा चित्र येतंय: २९, ११८, ४८, ०, मग रुंदी ४८, ०, मग उंची. माझं चित्र १६० ओळींचं होतं, म्हणून १६०, ०. चित्राचे ७६८० आणि वरचे ८, सगळे मिळून ७६८८ बाइट.

मी काय केलं, एकेक आकडा फ्रॉमकॅरकोडनं (त्या नंबरचं अक्षर देणारं फंक्शन) अक्षर करून लांबलचक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, बांधली आणि ब्राउझरमधनं डेटा पाठवणाऱ्या फेचच्या बॉडीत टाकली. पलीकडं काउंटरच्याच पीसीवर छोटा नोड सर्व्हर (तोही जावास्क्रिप्टमधलाच प्रोग्रॅम), तो ९१०० पोर्टवरून प्रिंटरला देणार. आधी इंग्रजीत टेस्ट मारली, झकास आली. मग चित्र पाठवलं आणि प्रिंटर सुटलाच, वेडीवाकडी चिन्हं, प्रश्नचिन्हं, फूटभर कागद. मामा आतून ओरडला, "काय करालैस रे? रोल काय फुकट येतंय?"

प्रिंटरकडं नेमकं काय जातंय ते छापून बघितलं तर नऊ हजारच्या वर बाइट. आणि सुरुवात अशी: २९, ११८, ४८, ०, ४८, ०, १९४, १६०, ०. हा १९४ कुणी पाठवला? मी तर नाही.

प्रिंटर बिचारा जे आलं ते वाचतो. उंचीचा पहिला बाइट १९४, दुसरा १६०, दुसऱ्याला २५६ नं गुणायचं, म्हणजे ४१,१५४ ओळी. मिलीमीटरला ८ ओळी धरल्या तर पाच मीटरपेक्षा लांब बिल! पाव किलो कुंद्याला. त्यानं ते मानलंच नाही आणि पुढचं सगळं टेक्स्ट समजून छापत सुटला.

भानगड अशी की जावास्क्रिप्टची स्ट्रिंग म्हणजे बाइट नव्हेत, अक्षरं. १६० नंबरचं अक्षर म्हणजे न तुटणारी स्पेस, आणि स्ट्रिंग बाहेर पाठवली की फेच ती यूटीएफ-८ (अक्षरांचे बाइट करायची ठरलेली पद्धत) करूनच पाठवतं. १२७ पर्यंत एका अक्षराला एकच बाइट, तोच आकडा, म्हणून इंग्रजी टेस्ट पास झाली आणि मी गाफील राहिलो. १२८ पासून दोन बाइट. मजकुराला हेच बरोबर आहे म्हणा, आपला क तिथं २२४, १६४, १४९ होतो आणि कन्नडचा क २२४, १७८, १४९, शेवटचा बाइट दोघांचा एकच (युनिकोडमधे दोन्ही लिप्यांची मांडणी एकाच साच्यातली आहे, इथं बिलावर मात्र कुणाचं नाव वर हा प्रश्न राहतोच).

फेचच्या हेडरमधे कॅरसेट (मजकूर कुठल्या एन्कोडिंगचा ते सांगणारी नोंद) बदलून बघितला. काही उपयोग नाही, ते डब्यावरचं नुसतं लेबल, आतला माल यूटीएफ-८ च जातो. मग चोरवाट म्हणून उंची १०० केली, १२७ च्या आत. आता चित्र आलं, पण नाव तिरकं, आणि नावाखालची जाड काळी रेघ शिवण उसवल्यासारखी. मामाचा चष्मा घेऊन जवळून बघितलं: दोन ठिपके काळे, चार पांढरे, मग तीन काळे, एक पांढरा, सहा काळे, परत तेच. आठही ठिपके काळे म्हणजे २५५, त्या २५५ चे १९५ आणि १९१ झाले होते, तेच कागदावर उमटलेलं. एन्कोडिंगची चूक डोळ्यानं दिसते हे मला तोवर माहीत नव्हतं.

उपाय दोन ओळींचा निघाला. स्ट्रिंग बांधायचीच नाही, आकडे सरळ बाइटांच्या यादीत, म्हणजे युइंट८अ‍ॅरेमधे भरायचे आणि तीच अ‍ॅरे बॉडीत द्यायची. बाइट आहेत तसे जातात. नेटवर अजून सेंडअ‍ॅझबायनरी वापरा म्हणून सांगणारी जुनी उत्तरं सापडतात, ते फायरफॉक्सचं स्वतःचं होतं आणि कधीच काढून टाकलंय, त्याच्या नादाला लागू नका.

एवढं करून परत कचराच! यावेळी उंचीच्या जागी २३९, १९१, १८९. हे माझंच पाप, सर्व्हरवर आलेला चंक (डेटाचा तुकडा) अधिक-बरोबर (+=) करून स्ट्रिंगला जोडत होतो. एकटा १६० यूटीएफ-८ मधे बसत नाही, मग नोड त्याच्या जागी ते काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह ठेवतं, त्याचेच हे तीन बाइट. आणि हे पहिल्यापेक्षा वाईट. १९४-१६० वरून मूळ १६० परत काढता येतो, इथं १६० असो नाहीतर २५५, सगळ्यांचं एकच प्रश्नचिन्ह, मूळ आकडा गेला तो गेलाच. चंक अ‍ॅरेत गोळा केले, शेवटी बफर.कॉनकॅटनं बाइट म्हणूनच जोडले, तसंच सॉकेटला दिलं. मोजले, ७६८८.

बिल आलं. वर कन्नड, खाली मराठी, मधे काळी रेघ, सलग. मामानं उजेडाकडं धरून बघितलं आणि म्हणाला, "चांगलं झालंय, पण कुंदातला अनुस्वार जरा मोठा कर."