तुम्ही विचारलंत म्हणून: कोरून झालं होतं, मग रंग कशाला?

संग्रहालयातला पांढुरका तुकडा पाहून आलेले लोक हमखास विचारतात: इजिप्तच्या थडग्यांतलं कोरीवकाम मुळातच इतकं नाजूक, मग रंगाखाली झाकलं कशाला? झाकलं नाही हो. कोरणाराच रंग गृहीत धरून कोरत होता.

भिंत घासून सपाट करायची, खड्डे जिप्समने बुजवायचे. गेरूत बुडवलेलं सूत ताणून भिंतीवर मारलं की चौकटी पडतात. नव्या राज्याच्या काळात (सुमारे इ.स.पू. 1550 ते 1070) उभ्या माणसाला तळव्यापासून कपाळावरच्या केसांपर्यंत 18 चौकटी. लाल रेषेत कच्चं चित्र, त्यावर काळ्या रेषेत उस्तादाची दुरुस्ती, मग छिन्नी. आकृतीभोवतीचा दगड काही मिलिमीटर खाली उतरवायचा, कडा गोलवायच्या. होरेमहेब या फॅरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, थडग्यात हे टप्पे अर्धवट सोडलेले आहेत, तिथे सगळा क्रम वाचता येतो. शेवटी पांढऱ्या रंगाचा एक हात, सपाट रंग, वरचे बारकावे आणि सर्वांत शेवटी बाह्यरेषा.

छिन्नी काय सोडून देते तेही बघा. कापडावरची नक्षी, चित्रलिपीतल्या पक्ष्यांची पिसं पुष्कळदा कोरलेलीच नसतात. तलम वस्त्रातून दिसणारी कातडी तर दगडात आणायची कशी?

मग तो तुकडा पांढरा का? सगळा दोष काळावर ढकलू नका. फॅरो पहिल्या सेतीचं थडगं इटालियन शोधक बेलझोनीने 1817 मध्ये उघडलं तेव्हा रंग ताजे होते. त्याने भिंतींचे मेणाचे ठसे घेतले. 1821 मध्ये लंडनला प्रदर्शन भरलं. पुढे आलेल्यांनी ओल्या कागदाचे ठसे घेतले: कागद भिजवायचा, ब्रशने ठोकून खाचाखोचांत बसवायचा, वाळला की सोलून काढायचा. ठसा उत्तम येतो. पण रंग डिंकासारख्या पाण्यात विरघळणाऱ्या चिकटीत कालवलेला. पाणी लागलं की ती सुटते, कागद वाळताना रंग धरतो आणि सोलताना बरोबर नेतो. निळ्याचं आणखी वेगळं: वाळू, चुना, तांबं आणि क्षार भाजून केलेला तो रंग बारीक वाटला की फिकट पडतो, म्हणून गडद हवा तर भरड ठेवावा लागतो, आणि भरड कण सुटायला सोपे. ठसे घेणारे चोर नव्हते, अभ्यासक होते. म्हणूनच जास्त राग येतो. त्यात 1829 मध्ये शांपोलियाँ आणि रोसेलिनी या फ्रेंच आणि इटालियन अभ्यासकांनी त्याच थडग्यातल्या दाराजवळच्या दोन पट्ट्याच कापून नेल्या. एक लूव्रमध्ये, एक फ्लॉरेन्समध्ये. त्यांवरचा रंग पाहा आणि मग ‘कशाला’ विचारा. (कापून नेलं म्हणून वाचलं, असं म्हणणारेही भेटतात. त्यांना माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, फक्त चीड आहे.)

पूर्वी मी इथेच थांबायचो: रंगाशिवाय काम अपुरं, विषय संपला. मग कुणीतरी रामोसेचं नाव काढतो. थीब्जच्या (आजच्या लक्सरच्या) पश्चिमेला, वजीर रामोसेच्या थडग्यात चुनखडकावरचं कोरीवकाम जवळजवळ कोरंच आहे, फक्त डोळे आणि भुवया काळ्या. काम अर्धवट राहिलं हे खरं. तिथल्याच एका भिंतीवर नुसती रेखाटनं आहेत. पण दुसऱ्या भिंतीवर अंत्ययात्रा सपाट गिलाव्यावर पूर्ण रंगवलेली आहे. म्हणजे रंग होते, रंगारीही होते. केसांच्या टोपातली एकेक बट तिथे छिन्नीनेच काढली आहे, कुंचल्यासाठी फारसं काही राखलेलं नाही. त्या भिंतीवर रंग यायचाच होता असं मी अजूनही म्हणतो, पण पूर्वीइतक्या जोरात नाही.